सामाईक मीटर

भावाभावांची भांडणं कुठं होत नाहीत? पण या दोघांनी भांडणाला घरजावई करून घेतलं होतं. रोज दोन वेळा खाऊपिऊ घालायचे, झोपायला गादी द्यायचे, आणि सकाळी उठून आधी त्याची खुशाली विचारायचे.

बाप होता तेव्हा दुकान एकच होतं. बाप गेला आणि मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. थोरल्याकडे बापाचा भांड्यांचा धंदा राहिला. धाकट्यानं पलीकडच्या अर्ध्यात परदेशी माल भरला. खेळणी, चार्जर, केस सरळ करायची मशिनं, लिपस्टिका, तारीख नसलेली चॉकलेटं, पाकीटबंद तांदूळ, आणि ज्यांचा उपयोग काय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही अशा शंभर चिजा. सगळं खोक्यात, खोक्यावर कुणाला न वाचता येणारी अक्षरं, आणि सगळं मातीमोल. वरच्या मजल्यावरची घरंही अशीच कापली गेली. आईचीसुद्धा वाटणी झाली, सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. कापायच्या राहिल्या दोनच गोष्टी. एक म्हणजे दोन्ही दारांवर आडवी पसरलेली बापाच्या नावाची पाटी. आणि दुसरं विजेचं मीटर.

मीटर थोरल्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंतीवर होतं. दोन्ही दुकानं आणि दोन्ही घरं त्याच्यावरच चालायची. धाकटा म्हणायचा, वेगळं करून घेऊ. थोरला म्हणायचा, माझ्या भिंतीला बोट लावून बघ. याच मीटरचा फ्यूज थोरल्यानं याआधी दोनदा उपटला होता. एकदा धाकट्याच्या सेलला भोंगा लागला म्हणून, आणि एकदा उगाच, सकाळपासून डोकं फिरलं होतं म्हणून. हे सगळ्या गल्लीला पाठ होतं, तेव्हा तुम्हीही ध्यानात ठेवा.

थोरला माणूस वाईट नव्हता हो, पण जळका होता. पलीकडं गिऱ्हाईक दिसलं की याच्या अंगाची लाही लाही व्हायची. मग दारात उभं राहून, कुणी विचारलेलं नसताना, सुरू. "ती नेलपॉलिश घेतलीस? घे, घे. महिन्याभरात नखं गळून पडतील." "त्या बाहुलीला रॉकेलचा वास येतो, लेकराच्या तोंडात देणार का ते?" "तो तांदूळ प्लास्टिकचा आहे, माझ्या मेहुण्यानं जाळून बघितलाय." यातलं बाहुलीचं खरं होतं. नखांचं त्यानं रचलं होतं. तांदळाचं कुठूनतरी मोबाइलवर आलं होतं आणि यानं मेहुण्याच्या माथी मारलं होतं. खऱ्याखोट्याची अशी मिसळ करून ठेवली होती की त्याची त्यालाही निवडता आली नसती.

आणि एकदा तर त्यानं कहर केला. धाकट्याकडचा एक प्लास्टिकचा वाडगा गुपचूप मागवला, स्वतःच्या गॅसवर धरला, वितळवला, आणि दाराशी स्टुलावर मांडून ठेवला. "नुसतं गरम वरण ओतलं हो, एवढंच." गल्ली हळहळली. पण वाडगा गॅसवर धरताना याच्या बायकोनं बघितलं होतं, बायकोनं जावेला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. तेव्हापासून गल्लीत कुणाची भाकरी करपली तरी लोक म्हणायचे, "दादानं धरली वाटतं गॅसवर." लांडगा आला रे आला, ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असते सगळ्यांनी, पण कुणी शिकतं का तिच्यातून?

थंडी पडली तशी धाकट्याकडं हीटर आले. बुटके, लाल, दोन कांड्यांचे. किंमत अशी की माणसानं कारण नसताना घ्यावा. प्रत्येक खोक्यावर सुरक्षिततेचं गोल चमकदार चिन्ह होतं. पण थोरल्यानं प्लायवूडच्या फटीतून बघितलं होतं ना! ती चिन्हं वेगळ्या रिळातून आली होती, आणि धाकटा आणि त्याची बायको टीव्ही बघत बघत खोक्यांवर चिकटवत बसली होती. काही उलटी लागली होती. थोरल्यानं हे दारात उभं राहून सांगितलं. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. उलट पाववाला म्हणाला, "दादा, तुमच्या पातेल्यांवर काय शिक्का असतो?"

मग एका सकाळी मागच्या आळीतला शिंपी आला. पाटी एकच असल्यामुळं पलीकडच्या तक्रारी याच्या दारात यायच्याच, आणि हा त्या मीठमसाला लावून पलीकडं पोचवायचा. शिंप्याच्या हातात लाल हीटर होता. हीटर धड होता, पण त्याची वायर खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला प्लग असायला हवा तिथं एक काळा गोळा होता.

"काय विकता हो तुम्ही!" शिंपी कडाडला. "रात्री लावून झोपलो. प्लग वितळला भिंतीत, पडदा पेटला. बायकोनं हातानं ओढला म्हणून वाचलो. तिच्या हाताचं कातडं सुटलंय."

ऐकून माणसाला काय वाटायला हवं? याला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, अगदी उकळ्या फुटल्या. तो शिंप्याला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन गेला आणि बोंब ठोकली, "या, बघायला या! आता कुठल्या गॅसवर धरलाय ते सांगा!"

धाकटा बाहेर आला. तो आवाज चढवणाऱ्यातला नव्हता, तो हसणाऱ्यातला. त्यानं शिंप्याला आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. थोड्या वेळानं शिंपी मागच्या दारानं निघून गेला. हीटर आतच राहिला. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं त्याला गाठलं, तर तो मान खाली घालून कापड कापत म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही बुवा. तुमचं घरचं भांडण तुमच्या घरी."

"अरे, बायकोचा हात भाजला ना तुझ्या?"

"भाजला, आता बरा होतोय. तुम्ही जा."

परत येताना थोरल्यानं सहज वर बघितलं. धाकट्याच्या बाजूची कोपऱ्यातली खिडकी. आईची खोली. पडद्याआड लालसर उजेड दिसत होता.

इतके दिवस त्या हीटरांविषयी तो घसा फोडत होता, पण दुकान बुडावं म्हणून. कुणी मरेल हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि आता डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू झालेली बाई, पांघरुणांच्या ढिगाखाली, आणि भिंतीत हळूहळू वितळणारा प्लग.

तो तसाच धाकट्याचा जिना चढला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. दार धाकट्याच्या बायकोनं उघडलं आणि अर्धंच धरून ठेवलं.

"काय काम काढलं भावजी?"

"आईच्या खोलीतला हीटर काढा. शिंप्याचा पडदा पेटलाय."

"शिंप्यानं तसं काही सांगितलं नाही."

"तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत!"

"तोंड तुमचंच बंद होत नाही, भावजी. आईंना सहा महिने तुम्ही ठेवलं, तेव्हा काय दिलंत? एक गोधडी. इथं त्यांना ऊब मिळतेय तर तुमच्या पोटात दुखतंय."

आतून आईचा आवाज आला, "कोण, थोरला का? त्याला म्हणावं, चहा पिऊन जा, आणि भांडू नको म्हणावं."

तो आत गेला. आई हीटरसमोर पाय पसरून बसली होती. चेहरा टवटवीत दिसत होता, हेच त्याला जास्त झोंबलं.

"आई, ही वस्तू धोक्याची आहे गं. शपथेवर सांगतो."

"वाडग्याच्या वेळीही शपथ घेतली होतीस." आई म्हणाली. "तुला त्याचं चांगलं बघवत नाही रे. लहानपणीही नाही बघवलं. त्याच्या पतंगाची दोरी तूच कापायचास."

कापली होतीच दोरी.

मग त्यानं डोकं चालवलं, आणि त्याचं डोकं चाललं की काहीतरी बिघडणार हे ठरलेलं. त्यानं मेहुण्याला बोलावलं, हातात पैसे ठेवले. "जा, आणि सगळे हीटर उचल. एकही ठेवू नको. माल संपला की विषय संपला, आणि हंगाम गेला की आईकडचाही माळ्यावर जाईल." मेहुणा साधा माणूस. तो टेम्पो घेऊन गेला आणि दुकान रिकामं करून आला. थोरल्यानं ते खोके मेहुण्याच्या गोठ्यात कडब्याखाली पुरले आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपला.

आठवडाभरात पलीकडं कागद लागला. 'तुफान मागणीमुळे हीटर संपले. नवा माल येत आहे.' आणि आला की! आधीच्या दुप्पट. खोक्यांची थप्पी फुटपाथपर्यंत गेली. घरोघरी लाल उजेड दिसायला लागला. पाववाल्यानं घेतला, पोस्टमननं घेतला, शाळेतल्या बाईंनी दोन घेतले. थोरल्याच्याच पैशावर धाकट्याचा धंदा असा फुगला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते हेच. याची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तुम्ही गप्प बसलात ना, तरच त्यांचं नुकसान होईल."

पण गप्प बसेल तो थोरला कसला. आता त्याला एकच उपाय सुचत होता. दाखवायचं. भर दिवसा, सगळ्यांदेखत, स्वतःच्या दुकानात. प्लग जाळायचा आणि म्हणायचं, घ्या, कुठाय गॅस?

गोठ्यातला एक हीटर आणला. गल्लीभर निरोप धाडला. दुपारची जेवणं उरकून लोक जमले. फुकटचा तमाशा कोण सोडतंय? धाकटा हाताची घडी घालून उंबऱ्याशी उभा राहिला. त्याच्या बायकोनं आईलाही खाली आणलं आणि समोर खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकून.

"आता बघा," थोरला म्हणाला, "हा इथं लावला. मी लांब उभा. गॅस नाही, काडी नाही, काही नाही."

त्यानं हीटर काउंटरवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि बटण दाबलं. दोन्ही कांड्या लाल झाल्या. लोक पुढं सरकले.

आणि तो हीटर इतका सरळ चालला, इतका सज्जनपणानं चालला, की जावयानं सासुरवाडीत वागावं. ना धूर, ना वास, ना ठिणगी. थोरला कांड्यांकडं डोळे फाडून बघत होता, की पेट बाबा, पेट. लोकही कांड्यांकडंच बघत होते. प्लगकडं कुणी बघत नव्हतं, कारण प्लगची जागा काउंटरमागं पातेल्यांच्या उतरंडीआड होती. बिघाड जिथं होता तिकडं पाठ करून सगळे उभे. शिंप्यानं प्लग वितळल्याचं सांगितलं होतं, थोरल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तो गोळा बघितला होता, पण त्याला ज्वाळा हव्या होत्या. तमाशा म्हटला की ज्वाळा लागतात.

"दादा, पेटेपर्यंत जरा चहा तरी ठेवा त्याच्यावर," पाववाला म्हणाला.

"हात शेकून घेऊ का?" पोस्टमननं विचारलं, आणि खरंच शेकले. मग सगळेच शेकायला लागले. दुकानात छान ऊब झाली. कुणाचं तरी लेकरू तिथंच पेंगायला लागलं.

दिवस मावळायला लागला तसे लोक पांगू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? धाकटा जवळ आला आणि पहिल्यांदाच न हसता म्हणाला, "दादा, आता तरी पुरे कर. माझा नाही तर आईचा विचार कर."

मग आई उठली. सुनेच्या खांद्यावर हात टाकून ती थोरल्यासमोर आली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

"तू इतका बोंबलत होतास ना, म्हणून मला आपली धाकधूक वाटायची. झोपताना आठवणीनं बंद करायचे मी तो. पहाटे गारठून जीव जायचा, पण बंद करायचे. म्हटलं, कोण जाणे, एखाद्या वेळी खरं बोलत असेल. बरं झालं तूच दाखवलंस. आता रात्रभर राहू दे चालू."

आणि ती गेली. जिन्यावर तिची काठी एकेक पायरी वाजत वर गेली.

थोरला काउंटरला धरून उभा राहिला. म्हणजे त्याची बडबड पालथ्या घड्यावर पाणी नव्हती. सगळ्या गल्लीत एक माणूस त्याचं ऐकत होतं, रोज झोपताना ऐकत होतं, आणि ते माणूस जिवंत होतं. आज त्यानं चार माणसं बोलावून, आरडाओरडा करून, ते ऐकणं बंद पाडलं होतं.

त्यानं हीटर बंद केला आणि प्लग काढायला पातेल्यांमागं हात घातला. प्लग निघेना. जोर लावला तशी बोटं आत रुतली, कढत मेणात रुतावीत तशी. त्यानं किंकाळी फोडून हात ओढला, त्यासरशी प्लगही निघाला. पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं, आणि त्याच्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा रेघान्‌रेघ उमटला होता.

तो तसाच धावत बाहेर पडला. "बघा! अरे बघा, वितळला! हा बघा माझा अंगठा!"

धाकटा शटरपाशी होता. त्यानं प्लगकडं बघितलं, थोरल्याच्या लाल बोटांकडं बघितलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडं, जिथं थोरल्याची चहाची शेगडी असायची.

"सगळे गेल्यावर वितळला होय?" तो म्हणाला. "घाईत बोटंही भाजून घेतलीस. नीट चिमट्यानं तरी धरायचा गॅसवर."

पाववाला फिस्सकन हसला. पोस्टमनही हसला. शिवी देण्याइतकासुद्धा शब्द थोरल्याजवळ उरला नव्हता. सगळे शब्द आधीच वाडग्यावर, नखांवर आणि तांदळावर उधळून झाले होते.

वर, कोपऱ्यातल्या खिडकीत, लाल उजेड लागला.

तो मागं वळला. दुकानात शिरला, शटर आतून खाली ओढलं, कडी घातली. मागच्या खोलीत गेला आणि मीटरच्या पेटीतला फ्यूज उपटला. दोन्ही दुकानं, दोन्ही घरं, जिना, पाटीवरचा बापाच्या नावावरचा दिवा, सगळं एका दणक्यात काळोखात गेलं. फ्यूज त्यानं खिशात घातला आणि मीटरला पाठ लावून जमिनीवर बसला.

मग जे व्हायचं ते झालं. शटरवर लाथा बसल्या. "आलास ना जातीवर!" धाकटा ओरडत होता. त्याचं हसणं एकदाचं गेलं होतं. "हरलास म्हणून फ्यूज काढतोस? पोलिस आणतो!"

"आण," आतून उत्तर आलं. "आईच्या खोलीतला हीटर खाली आणून रस्त्यावर फोड, फ्यूज लावतो. नाहीतर शटर कापायला माणूस आण."

"म्हातारी गारठेल वर!"

"गारठू दे. सकाळी उठेल तरी."

"वेडा झालाय," बाहेर कुणीतरी म्हणालं. "भावाचा उजेडसुद्धा बघवत नाही याला."

याची बायको घरातल्या जिन्यानं मेणबत्ती घेऊन खाली आली. तिनं त्याची बोटं बघितली, प्लग बघितला, प्लगवरचा ठसा मेणबत्तीशी धरून बघितला.

"खरं बोलत होतात तुम्ही," ती म्हणाली. "पण तुमचं खरं आता घेणार कोण? मी सांगितलं तरी म्हणतील, बायकोला पढवलंय."

"घेऊ नका म्हणावं. जा, माझी गोधडी आईला देऊन ये."

ती गेली. थोड्या वेळानं मागच्या चौकात काहीतरी धप्पकन पडलं. गोधडी होती. वरून भिरकावलेली. आणि तिच्यामागून आईचा आवाज आला, खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"मेल्या! थंडीनं मारायला उठलास होय मला? नऊ महिने वागवला तो यासाठी? तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही मी! माझे सहा महिनेही इकडंच दे, वाटणीतून काढ मला! ऐकतोयस का रे, मुडद्या?"

"ऐकतोय, आई!" थोरला आतून ओरडला.

भाजलेली बोटं त्यानं पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि मीटरला आणखी टेकून बसला. बाहेर शटर वाजत होतं, धाकटा फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. वर आई दमून थांबली की याच्या जिवाची घालमेल व्हायची, आणि तिनं नवी शिवी काढली की हा सुटकेचा श्वास सोडायचा. अंधारात तो एकेक शिवी कान देऊन ऐकत राहिला.